भिंतीला पाणी लागलं

नगर जिल्ह्यात बोअर घेणाऱ्या माणसाच्या आयुष्यात दोनच घटना घडतात. पाणी लागतं, किंवा लागत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ धरून रानभर फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो, गाडी येते, रात्रभर धडधडते आणि चारशे फुटांवरूनही पांढरा फुफाटाच उडत राहतो. इकडे सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मात्र जमिनीपासून सात फूट वर, नारळ नाही, गाडी नाही, कर्ज नाही, आणि भिंतीला पाणी लागलेलं आहे. बारमाही.

क्षेत्रफळाने आमचा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं; कागदावर ते रुळलं, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून 'नगर, नगर, नगर'च आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग तिथेच खिसे रिकामे करतात आणि पुढे पूर्वेला येतात ते नुसती सावली द्यायला. नगर शहरात येईपर्यंत वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर उरतो. कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे तो सरासरी पुरी करतो, पण कुठल्या आठवड्यात करायची हे स्वतः ठरवतो.

आमचं बाथरूम म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच. शॉवरच्या वरचा पश्चिमेचा कोपरा कायम काळा, त्याला घरात 'अकोले' म्हणतात. दारामागचा, टॉवेलच्या खुंटीखालचा भाग ठणठणीत, तो जामखेड. आरशाभोवतीचा मधला पट्टा अवर्षणप्रवण आहे. तो कधी ओला असतो, कधी कोरडा, आणि पैसेवारी अजून जाहीर व्हायची असते. सकाळी बायको आतून ओरडते, "अहो, अकोले संगमनेर ओलांडून पुढे सरकलंय, आज राहात्यापर्यंत येणार!" मग मी घासणी घेऊन निघतो.

कोकणातल्या माणसाला ओलीचं कारण विचारलं तर तो आकाशाकडे बोट दाखवतो आणि विषय संपतो. आमच्याकडे ओल येते ती पाणी नसल्यामुळे. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. मुळा धरणात सव्वीस टीएमसी पाणी मावतं. राहुरी तालुक्यातल्या बारागाव नांदूरहून निघालेलं त्यातलं आमच्या वाट्याचं पाणी आमच्या नळाला एक दिवसाआड येतं, आणि वाटेत काही फुटलं-तुटलं तर आणखी एक दिवस हवा खात थांबतं. ज्या नळाचा भरवसा नाही त्या नळाखाली माणूस जे जे भरता येईल ते ते भरून ठेवतो. आमच्या बाथरूममध्ये एक निळं पिंप आहे, दोन टिपाडं आहेत, झाकणाच्या बादल्या आहेत, आईचा तांब्याचा हंडा आणि त्यावर कळशी आहे, आणि ज्या टबात माझ्या मुलाला लहानपणी बसवत होतो तो टबही आहे. मुलगा आता नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला जातो, टबाला मात्र निवृत्ती मिळालेली नाही. या सगळ्यांतून उरलेल्या जागेत आंघोळ करायची. उरलेली जागा म्हणजे एक पाय नीट आणि दुसरा जमेल तसा.

राष्ट्रीय बांधकाम संहितेने न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर जागा सांगितली आहे. आमचं बाथरूम त्यात बसतं. संहिता लिहिणाऱ्यांच्या घरी रोज पाणी येत असावं, त्यामुळे पिंपाचं क्षेत्रफळ वजा करायचं राहिलं.

उघड्या तोंडाची ही सगळी भांडी चोवीस तास थोडी थोडी वाफ सोडत असतात. त्यात पाच माणसांच्या कढत पाण्याच्या आंघोळी. भिंतीलगतची हवा सत्तर-ऐंशी टक्क्यांहून जास्त दमट राहिली, आणि रोज बराच वेळ राहिली, की बुरशीला तिथे घर करता येतं. बाहेर एप्रिलची हवा अशी की गच्चीवर घातलेल्या कुरडया उलटायला जावं तर आधीच वाळलेल्या. म्हणजे बाथरूमचं दार हीच पर्जन्यछायेची रेषा.

पावसाळ्यात आशाताई येतात. पिंपाचं झाकण उचलतात, बॅटरी मारून आत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या बघतात आणि वहीत टिपून विचारतात, "कोरडा दिवस पाळता ना?" आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवायची, म्हणजे अळीचा डास व्हायच्या आत कारभार आटोपतो. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण दुष्काळी जिल्ह्यात 'कोरडा दिवस पाळा' हा फलक वाचून माझी आई दर वर्षी नव्याने चिडते. "बाई गं," ती आशाताईंना म्हणते, "कोरडे दिवस आम्हाला पाळावे लागत नाहीत. ते आम्हाला पाळतात."

पाणी साठवायची खोड आम्हाला आजची नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने हे शहर वसवलं आणि पुढे निजामशाहीत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी इथे पाणी आणलं गेलं. पाणी आल्यावर निजामशहांना ते कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं असावं, कारण त्यांनी तळं बांधून त्याच्या मधोमध फराहबागेचा महाल उभा केला. चहूबाजूंनी पाणी. त्या महालात मी मुद्दाम ओल शोधायला गेलो होतो. छत इतकं उंच आणि कमानी इतक्या मोकळ्या की बुरशीने बसायचं म्हटलं तरी वारा तिला बसू देणार नाही. सुलतानाला जे कळलं ते पुढे चारशे वर्षांनी आमच्या गृहरचनेतून गळालं आणि आम्ही सात फुटांवर पोटमाळा काढून त्यात जुने कुकर ठेवले.

वाड्यातली न्हाणीसुद्धा शहाणी होती. परसात एक फरशी, बाजूला चुलवण, आडोशाला तट्ट्या, वर आभाळ. पाणी जायचं थेट अळवाला नाहीतर केळीला. फरशी दहा वाजेपर्यंत उन्हाने तापायची आणि कोपरा काळा पडायला मुळात कोपराच नसायचा. त्या न्हाणीला घराच्या पोटात ओढून आणलं, दार लावलं, 'ॲटॅच्ड' म्हणून जाहिरातीत लिहिलं आणि केळीचं पाणी भिंतीला जायला लागलं.

आमच्या ओलीवर उपाय सांगणाऱ्यांत पहिला मान मामांचा. मामा राहुरीकडचे बागायतदार. १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ त्यांच्या बांधापासून लांब नाही आणि आपण तिथले बिनपगारी प्राध्यापक आहोत अशी त्यांची खात्री आहे. बाथरूममध्ये शिरून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"भुरी न्हाय ही. भुरी पांढरी असती. केवडा म्हणावं तर पान कुठंय?"

मामांचं निदान खरं होतं. द्राक्षावरची भुरी काय आणि केवडा काय, दोन्ही रोग जिवंत झाडाशिवाय जगत नाहीत. भिंतीवरच्या बुरशीच्या जाती निराळ्या आणि भलत्याच समाधानी. साबणाचा वाळलेला फेस, अंगावरून उतरलेला मळ, फरश्यांच्या फटीतलं कसलंही किटण यावर त्यांचा संसार चालतो. पण रोग कोणताही असो, मामांचं औषध ठरलेलं असतं.

"बोर्डो मार."

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. शंभर लिटर पाण्याला एकेक किलो, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला शंभर-शंभर ग्रॅम. नीट जमलंय का हे बघायला लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. या औषधाचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींचे द्राक्षघोस वाटसरू तोडून न्यायचे, म्हणून बागवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळसर, विषारी दिसणारं पाणी शिंपडलं. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सगळ्या बागेला केवडा लागलाय, पण या शिंपडलेल्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. शोध लागला तो चोरांच्या कृपेने.

मामांनी पाठीवर पंप अडकवला. पिंप, टिपाडं, हंडा, कळशी गॅलरीत गेली. बाहेर आम्ही सगळे, आत फसफस आवाज. अर्ध्या तासाने मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशा निळ्या होत्या. बाथरूम आरपार निळं झालं होतं, फरश्या, नळ, खिडकीची जाळी, साबणाची डबी, सगळं. बुरशी दिसेनाशी झाली हे कबूल करायला हवं. त्या निळाईत काहीच दिसत नव्हतं. फ्रान्समध्ये त्या औषधाने चोर पळाले होते, आमच्याकडे पाहुणे पळाले. एक लांबचे काका मुक्कामी आले होते, ते आत डोकावले आणि "मी कल्याण रोडला पुतण्याकडे आंघोळ उरकून घेतो" म्हणून निघाले ते परत आले नाहीत.

पण दोन दिवसांत निळा रंग ओघळून मोरीला लागला आणि अकोल्याने पुन्हा डोकं वर काढलं. मी मामांना फोन लावला. ते शांत होते. "पाऊस झाला का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, बाथरूममध्ये कसला पाऊस? "आंघोळी केल्या का?" केल्या. "मंग! पावसानं धुऊन गेलं की परत मारावं लागतं." या हिशेबाने घरात प्रत्येक आंघोळीनंतर एक फवारणी आली. तेवढी फवारणी डाळिंबालाही होत नाही.

मग मिस्तरी आला. शेतकरी रोगाकडे पानावरून बघतो, मिस्तरी आधीच्या मिस्तरीवरून. त्याने ब्रशच्या दांड्याने भिंत ठोकली, कान लावला आणि "पोकळ वाजतंय" असं दुःखाने म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने पक्की शिकवली. भिंतीवर पांढरं आलं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून पाण्याबरोबर वर आलेले क्षार; नुसतंच फरफटलं, काळं-हिरवं बोटाला लागलं, तर बुरशी. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळाच्या तोटीला वर्षभरात दाढी येते, त्यामुळे दोन्ही प्रजा आमच्याकडे नांदतात. खालच्या बाजूला लोणा, वरच्या बाजूला बुरशी, आणि दोघांचे उपाय वेगळे. लोण्यावर ब्लिचिंग पावडर चोळून काही होत नाही आणि बुरशीवर नुसता रंग मारला तर ती रंगाचाही नाश्ता करते.

त्या ब्लिचिंग पावडरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण आमच्या शेजारी घडता घडता राहिलं. ती आणि संडास घासायचं ॲसिड एका वेळी वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला तोच हा. चार बाय सहाच्या खोलीत त्याला खंदकही लागत नाही.

गीझरचंही तसंच. गॅसवरचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दर हिवाळ्यात कुठून तरी बातमी येते. आमचा गीझर आम्ही बाहेर गॅलरीत टांगला. यात विनोद काही नाही, पुढे जातो.

खरा उपाय सगळ्यांना माहीत असतो: आंघोळ झाली की वायपरने भिंती-फरशी निपटून काढायची आणि दार उघडं टाकायचं. प्रश्न एवढाच की वायपर कुणी मारायचा. बायकोने नियम केला, शेवटी आंघोळ करेल त्याने. नियम न्याय्य होता आणि त्यामुळेच घरात हाहाकार उडाला. ज्या घरात रविवारी अकरापर्यंत कुणी पाण्याला शिवत नव्हतं तिथे पहाटे पाचला रांग लागायला लागली. वडील साडेचारला उठून "मला आधी, मला देवपूजा आहे" म्हणू लागले. त्यांना पूजा करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटचा राहिला मुलगा. त्याने वायपरकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि आंघोळच सोडली.

त्याच्याकडे शास्त्राधारही होता. "बाबा, फ्लेमिंगला १९२८ मध्ये असंच बशीवर काहीतरी उगवलेलं दिसलं होतं. त्याने ते पुसलं असतं तर पेनिसिलिन मिळालं असतं का? आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारी कारखाना निघाला त्याचा." मी म्हटलं, फ्लेमिंगने बशी पुसली नसेल, आंघोळ करत असावा.

एक्झॉस्ट फॅनही बसवला. तो फिरायचा खूप, ओढायचा काही नाही. इलेक्ट्रिशियनने सिगरेट पेटवून धूर सोडून दाखवला: दार घट्ट बंद, खिडकी बंद, मग पंख्याने बाहेर टाकायला हवा आणायची कुठून? दाराला खालून दोन बोटं फट ठेवा म्हणाला. आई आडवी आली. न्हाणीच्या दाराला फट? मी तिला समजावलं की आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूरला घरांना दारंच न लावायची रीत आहे, तिथे हवा कशी खेळत असेल बघ. आई म्हणाली, "तिथं शनिदेव राखायला बसलेत. इथं कोण बसणार, तू?"

शेवटी फट ठेवली. आई आता आंघोळीला जाताना फटीला आतून ओलं फडकं लावते.

पाहुण्यांवरून जिल्ह्याची मोजणी होते असं माझं मत झालं आहे. मेहुणा राजूरचा, अकोले तालुक्यातला. तो आमचा काळा कोपरा बघून हसायलाच लागला. "दाजी, याला ओल म्हणता? आमच्याकडे जुलैत गोधड्या चुलीवर धरून वाळवाव्या लागतात. तांदळाच्या कणगीखाली निखारे ठेवतो आम्ही." आणि खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये त्याने गाणं म्हणत दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं.

त्याच आठवड्यात जामखेडहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. तिचं गाव चौंडीच्या अंगाचं. अहिल्याबाई होळकर तिथेच १७२५ साली जन्मल्या, आणि ज्या माउलीने देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या तिच्याच माहेरच्या तालुक्यात टँकर यावा याचं मावशीला फार वाईट वाटतं. "लेकी सासरीच उजेड पाडतात," ती म्हणते. मावशी बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आई घाबरून दार वाजवायला लागली. मावशी आत कोपऱ्यासमोर उभी होती, हात भिंतीवर टेकवून.

"अक्का, हे वरून झिरपतंय?"

"झिरपतंय कुठलं, वाफेनं होतंय. सारखं ओलं राहतं बघ."

"सारखं?" मावशीने पदराला हात पुसले. "मे महिन्यातबी?"

"मे महिन्यातबी."

मावशी काही बोलली नाही. घमेल्यात बसून अर्ध्या बादलीत आंघोळ केली, घमेल्यातलं पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं आणि दुसऱ्या दिवशी जामखेडची गाडी धरली.

तिने गावी जाऊन नेमकं काय सांगितलं ते आम्हाला पुढे कळलं. अक्काच्या घरात भिंतीला पाणी आहे, तेही उन्हाळ्यात. आमच्याकडे पूर्वेच्या तालुक्यांत मुलगी देताना जमीन किती हे नंतर विचारतात, डोक्यावर हंडा घेऊन किती लांब जावं लागेल हे आधी. पंधरवड्यात मुलाला दोन स्थळं चालून आली. एमआयडीसीतली नोकरी आम्ही तीन वर्षं सगळ्या वधू-वर मेळाव्यांत मिरवून दमलो होतो, तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या स्थळाचे वडील घर बघायला आले. पांढरी टोपी, कमी बोलणं. हॉलमधला टीव्ही त्यांनी पाहिला नाही, मुलाचा पगार विचारला नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "जरा हातपाय धुतो." आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. आतून नळाचा आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी बोटं अंगठ्यावर घासून पाहिली, मान हलवली आणि विचारलं, "मुलाची आंघोळ झालेली दिसत न्हाय अजून?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाणी भरपूर हाये ओ, त्याला कसलीच घाई नसती."

पाहुणे समाधानाने हसले. ते जिना उतरल्यावर मी सवयीने घासणी घेऊन बाथरूमकडे निघालो, तर आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. "साखरपुडा होईपर्यंत," ती म्हणाली, "त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."